कळफलकावरचं सूचीकाम : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम असं आहे. एका जुन्या मासिकाच्या सगळ्या अंकांची लेखकवार सूची करायची. पानं आधीच स्कॅन झालेली आहेत आणि त्यांतून यंत्राने ओळखलेला मजकूर वर्डच्या फाइलींत आहे. तो तपासून एक्सेलमध्ये लेखक, शीर्षक, प्रकार, वर्ष, महिना, पान असे रकाने भरायचे. शंका आली की ब्राउझरमध्ये मूळ पान उघडून बघायचं. थोडक्यात, दिवसभर तीन खिडक्यांमधून ये-जा. टंकन त्यामानाने कमीच. उचलणं, ठेवणं, शोधणं आणि पुढच्या ओळीवर जाणं हेच मुख्य.

म्हणून सूचीबरोबर आणखी एक काम अंगावर घेतलं आहे. कोणते शॉर्टकट या कामात खरोखर हाताशी येतात आणि कोणते नुसते पाठ होऊन पडून राहतात, हे इथे टिपत जायचं. काम संपलं की पुढच्या गटाला एक कार्ड द्यायचं. कार्ड अर्ध्या पानाचं. त्याहून मोठं झालं तर ते भिंतीवर लागेल आणि तिथेच राहील.

८ जानेवारी

आज काही शिकवलं नाही, नुसतं पाहिलं. सूचीतली एक नोंद वर्डमधून एक्सेलपर्यंत कशी जाते ते शेजारी बसून पाहिलं.

शीर्षकाच्या सुरुवातीला माउसने क्लिक. ओढत शेवटपर्यंत नेलं, पण शेवटचं उद्गारचिन्ह सुटलं. पुन्हा ओढलं, आता पुढची रिकामी जागाही आत आली. मग कंट्रोल-सी. खाली टास्कबारवर जाऊन एक्सेलवर क्लिक, नेमक्या सेलवर क्लिक, कंट्रोल-व्ही. मग आत आलेली ती रिकामी जागा काढायला सेलवर डबल क्लिक.

कॉपी-पेस्टचे शॉर्टकट सगळ्यांना येतात. त्यात वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. वेळ जातो तो मजकूर निवडण्यात आणि नेमक्या जागी पोचण्यात. इंटरनेटवरच्या ‘उपयुक्त शंभर शॉर्टकट’ छापाच्या याद्यांत सुरुवात कॉपी-पेस्टनेच होते आणि निवडण्याच्या कळा कुठेतरी तळाशी असतात. आमचा क्रम उलटा हवा.

१० जानेवारी

कळफलक वेगवान की माउस, यावर दुपारी बराच वाद झाला. त्यावर एक जुना आणि पक्का हिशेब आहे. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांनी १९८० मध्ये संगणकावरच्या लहान लहान हालचालींना सरासरी वेळ लावून एक प्रतिमान मांडलं. हात कळफलकावरून माउसवर न्यायला ०.४ सेकंद, पडद्यावरच्या एखाद्या जागेवर नेम धरायला १.१ सेकंद, मध्यम गतीने टंकन करणाऱ्याला एक कळ दाबायला ०.२८ सेकंद, आणि पुढे काय करायचं याची मनात जुळणी करायला १.३५ सेकंद.

याच आकड्यांनी कॉपीचा हिशेब मांडला. माउसने वरच्या पट्टीतलं बटण दाबायचं तर हात नेणं ०.४, नेम १.१, क्लिक ०.२, हात परत ०.४, एकूण २.१ सेकंद. कंट्रोल-सी म्हणजे दोन कळा, ०.५६ सेकंद. इथवर कळफलकवाले खूश. पण ‘ती कळ कोणती बरं?’ असा एकच थांबा आला की १.३५ वाढतात आणि बेरीज १.९१ वर जाते. फायदा जवळजवळ संपलाच. दोनदा अडखळलं तर माउसवाला पुढे.

म्हणून वीस शॉर्टकट अर्धवट येण्यापेक्षा पाच न आठवता येणारे बरे. ‘न आठवता’ म्हणजे आठवावे न लागता, बोटांनीच केलेले. कार्डावर काय घ्यायचं याची कसोटी इथेच मिळाली: जी हालचाल तासाला अनेकदा होते तिचाच शॉर्टकट. महिन्यातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी मेनू काय वाईट आहे?

१४ जानेवारी

मुद्रितशोधन पाहणाऱ्या बाईंना पहिला मसुदा दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, यादी वाचली आणि कागद परत दिला. “अहो, ही यादी मला पाठ होणार नाही. यात काही नियम असेल तर तो सांगा.”

नियम आहे. तो मांडून दाखवला तो असा.

नुसता बाण म्हणजे एक पाऊल: एक अक्षर, एक ओळ, एक सेल. कंट्रोल दाबून बाण म्हणजे मोठं पाऊल. वर्डमध्ये आडव्या बाणाने एक शब्द, उभ्या बाणाने एक परिच्छेद. एक्सेलमध्ये भरलेल्या मजकुराच्या टोकापर्यंत. होम आणि एंड या कळा ओळीच्या टोकांना नेतात, कंट्रोल जोडला की फाइलीच्या टोकांना. बॅकस्पेस एक खूण खोडतो, कंट्रोल-बॅकस्पेस अख्खा शब्द.

आणि शिफ्ट म्हणजे ‘जाताना मागचं सगळं उचलत जा’. वरच्या कुठल्याही हालचालीत शिफ्ट मिसळला की तेवढा मजकूर निवडला जातो. म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-बाणाने शब्दाशब्दाने निवड, शिफ्ट-एंडने इथून ओळीच्या शेवटापर्यंत, कंट्रोल-शिफ्ट-एंडने इथून फाइलीच्या शेवटापर्यंत. निवड थोडी पुढे गेली तर शिफ्ट न सोडता उलटा बाण. परवाचं ते उद्गारचिन्ह असं एका बाणात आत येतं.

बाण नसलेल्या जागी शिफ्टचं दुसरं रूप दिसतं: तेच काम उलट दिशेने. टॅबने पुढच्या चौकटीत, शिफ्ट-टॅबने मागच्या. एक्सेलमध्ये एंटरने खाली, शिफ्ट-एंटरने वर. कंट्रोल-टॅबने ब्राउझरचा पुढचा टॅब, कंट्रोल-शिफ्ट-टॅबने मागचा. एका खिडकीतून दुसरीत नेणाऱ्या ऑल्ट-टॅबमध्येही तेच.

बाईंनी तिथल्या तिथे करून पाहिलं. मग विचारलं, “आणि हे एक्स, सी, व्ही कुठून आले?” कट-कॉपी-पेस्ट ही पद्धत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत घडवली; झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या कळा पुढे ॲपलच्या लिसा संगणकावर आल्या. लिसा बाजारात आला १९८३ मध्ये. एक्स म्हणजे काट, सी कॉपीचा, आणि व्ही हे ‘इथे घाला’ या खुणेचं उलटं रूप. “म्हणजे आमचं हंसपद की!” बाई म्हणाल्या. प्रुफावर आयुष्य गेलेल्या माणसाला व्ही आता वेगळा पाठ करावा लागणार नाही.

मसुदा फाडला. कार्डावर आता यादीऐवजी वरचा नियम आणि खाली मोजकी उदाहरणं.

१६ जानेवारी

मराठी कळफलक चालू असताना शॉर्टकट चालतात का, हा प्रश्न नव्याने आलेल्या प्रत्येकाला पडतो. विंडोजवर चालतात, कारण अक्षरांच्या शॉर्टकटसाठी कळेची जागा धरली जाते, तिच्यावर उमटणारं अक्षर नाही. इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिपींच्या प्रमाण कळफलकावर, सी-च्या जागी म आहे, व्ही-च्या जागी न, एक्स-च्या जागी अनुस्वार. तेव्हा कंट्रोल-म म्हणजे कॉपी, कंट्रोल-न म्हणजे पेस्ट आणि कंट्रोल-अनुस्वार म्हणजे कट. आमच्यातली एक टंकनवाली कार्डावर हेच लिहा म्हणून हटून बसली आहे. लिहिणार नाही, पण ती तोंडाने तसंच म्हणते आणि तिचा हात सर्वांत झरझर चालतो.

कुठे बिनसलंच तर अक्षर नसलेल्या कळांची जुनी त्रयी आहे: कंट्रोल-इन्सर्ट कॉपी, शिफ्ट-इन्सर्ट पेस्ट, शिफ्ट-डिलीट कट. आयबीएमच्या १९८७ च्या आखणीतली ही त्रयी विंडोजने अजून टाकलेली नाही.

भाषा बदलायला विंडोज-स्पेस. दिवसातून इतक्यांदा लागतं की हा शॉर्टकट कुणाला शिकवावाच लागला नाही.

१७ जानेवारी

देवनागरीतली आणखी एक गंमत, आणि ही कार्डावर जाणार. ‘स्त्री’ घ्या. वाचणाऱ्याला एक अक्षर, संगणकाच्या लेखी सहा खुणा: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. बाणाने जाताना कर्सर या सहांवरून एका उडीत जातो. मधे थांबायला जागा नाही. पण खोडताना दोन कळा वेगळ्या वागतात. अक्षराच्या पुढे उभं राहून बॅकस्पेस दाबला तर फक्त वेलांटी जाते आणि ‘स्त्र’ उरतं. आधी उभं राहून डिलीट दाबलं तर अख्खं ‘स्त्री’ गायब.

यंत्राने ओळखलेल्या मजकुरात सर्वाधिक चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि अनुस्वाराच्या, म्हणजे अक्षराच्या शेपटाच्या. तिथे बॅकस्पेसच हवा. चुकीच्या अक्षराच्या पुढे कर्सर, एक बॅकस्पेस, योग्य वेलांटी. पूर्ण शब्द पुन्हा टंकायची सवय अनेकांना आहे ती मोडायला हवी. उलट अख्खं जोडाक्षरच भलतं ओळखलं गेलं असेल तर डिलीट.

वर्डमध्ये शिफ्ट-एफ५ हीसुद्धा बाईंच्या आवडीची कळ झाली आहे. शेवटची दुरुस्ती जिथे केली तिथे कर्सर परत जातो. फाइल उघडल्या उघडल्या दाबली तर मागच्या वेळी जिथे काम थांबलं होतं तिथे. बाईंच्या फाइलींतले ‘इथवर झालं’ असे पिवळे शेरे हळूहळू बंद होतील असं दिसतंय.

२२ जानेवारी

एक्सेलचा तक्ता आता चांगला लांब झाला. आजच्या कामाची पद्धत सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढच्या गटाला ही नक्की लागेल.

टंकताना लेखकाचं नाव एकदाच लिहायचं आणि त्याचे पुढचे लेख येतील तेव्हा तो रकाना रिकामा सोडायचा, असं ठरलं होतं. भरायला सोपं आणि तपासायलाही, कारण लेखकाच्या रकान्यात कंट्रोल-खालचा-बाण दाबला की कर्सर मधल्या रिकाम्या सेल ओलांडत एका लेखकावरून दुसऱ्यावर जातो. पण असा तक्ता वर्षवार लावायला गेलं तर सगळा गोंधळ होतो. निनावी ओळी कुणाच्या ते कळत नाही. तेव्हा लावण्याआधी रिकाम्या जागा भराव्या लागतात.

लेखकाच्या रकान्यात कुठेही उभं राहायचं. कंट्रोल-स्पेसने अख्खा रकाना निवडायचा. कंट्रोल-जी दाबलं की ‘गो टू’ची चौकट येते, तिथे ऑल्ट-एस म्हणजे ‘स्पेशल’, मग के म्हणजे ‘ब्लँक्स’, आणि एंटर. आता फक्त रिकाम्या सेल निवडलेल्या राहतात. इथे कळफलक इंग्रजीवर आणायचा, कारण इनस्क्रिप्टवर बरोबरच्या चिन्हाच्या कळेवर ृ उमटतो. बरोबरचं चिन्ह टंकायचं, एकदा वरचा बाण, आणि एंटरच्या ऐवजी कंट्रोल-एंटर. निवडलेल्या प्रत्येक सेलमध्ये ‘माझ्या वरच्या सेलमध्ये आहे ते’ असं सूत्र एका झटक्यात बसतं आणि नावं तळापर्यंत ओघळत येतात.

इथे थांबायचं नाही. ही अजून सूत्रं आहेत. तक्ता लावला की त्यांच्या वरची सेल बदलेल आणि नावं भलत्याला चिकटतील. म्हणून पुन्हा कंट्रोल-स्पेस, कंट्रोल-सी, कंट्रोल-ऑल्ट-व्ही, व्ही, एंटर. सूत्रांच्या जागी नुसती नावं राहतात. रकाना आधीपासून टेक्स्ट प्रकारचा असेल तर नाव येण्याऐवजी सूत्रच जसंच्या तसं दिसतं. अशा वेळी आधी रकान्याचा प्रकार जनरल करून घ्यायचा.

हाताने, म्हणजे सेलचा कोपरा धरून ओढत, हेच काम करणाऱ्याचा पूर्ण दिवस गेला असता. कंट्रोल-एंटर पाहिल्यावर खोलीत जी शांतता पसरली ती कॉपी-पेस्टने कधी पसरली नव्हती.

बाकी एक्सेलमधलं रोजचं थोडक्यात. आडवं भरताना टॅब, टॅब, टॅब आणि शेवटी एंटर. कर्सर आपोआप पुढच्या ओळीत जिथून सुरुवात केली त्या रकान्याखाली येतो. वरच्या सेलची नक्कल कंट्रोल-डी. सेलच्या आत शिरायला एफ२. त्यानंतर बाण सेलच्या आतच फिरतात, बाहेर उडी मारत नाहीत. फिल्टर लावायला-काढायला कंट्रोल-शिफ्ट-एल.

२७ जानेवारी

शोधयादीचं काम करणारा आमचा एक सहकारी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं न दिसणाऱ्याला वाचून दाखवणारी प्रणाली, वापरतो. त्याच्या टेबलावर माउस नाही, कधीच नव्हता. शॉर्टकटने वेळ किती वाचतो हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही; त्याच्याकडे दुसरा रस्ताच नाही. पण कळफलकाबद्दल त्याला जे माहीत आहे ते आमच्यात कुणालाच नव्हतं. कार्डाचा खालचा भाग त्यानेच भरला म्हणायला हरकत नाही.

त्याचा मुख्य सल्ला: शॉर्टकट माहीत नसेल तर ऑल्ट. वर्ड किंवा एक्सेलमध्ये ऑल्ट दाबून सोडला की वरच्या पट्टीवर प्रत्येक विभागाला एक अक्षर दिसतं. ते दाबलं की आतल्या प्रत्येक बटणाला. पाठ काही करायचं नाही, पायरीपायरीने वाचत जायचं. एकच गोष्ट चार वेळा अशी केली की अक्षरांचा क्रम आपोआप बोटांत बसतो. दुसरं: चौकटीत अडकलात तर एस्केप. राइट क्लिकच्या ऐवजी शिफ्ट-एफ१०. चौकटीत टिकची खूण करायला स्पेस.

वेबपानावर तो वाचत बसत नाही. स्क्रीन रीडर चालू असताना एच दाबला की पुढच्या मथळ्यावर जातो, इन्सर्ट-एफ७ ने पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी उघडतो, हवा त्याची सुरुवातीची अक्षरं टंकतो. आमच्या आधी तो पोचलेला असतो.

अडला फक्त एके ठिकाणी. एका संग्रहाच्या संकेतस्थळावर पान उघडलं की एक सूचना पुढे येते आणि ती बंद करायचं बटण माउसशिवाय गाठताच येत नाही. टॅब कितीही दाबा, कर्सर मागच्या पानावरच फिरत राहतो. सगळं काही कळफलकाने करता यायला हवं ही वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांतली अगदी प्राथमिक, ए पातळीची अट आहे आणि ती २००८ च्या आवृत्तीपासून आहे. त्या संग्रहाला पत्र लिहिलं. तोवर त्या पानांची शंका आमच्यापैकी कुणीतरी पाहून देतो, आणि त्याला ते आवडत नाही. आवडणार तरी कसं?

४ फेब्रुवारी

विंडोज-व्ही. हा २०१८ च्या शरदातल्या अद्ययावतीत विंडोज १० मध्ये आला आणि आमच्यात फक्त एकीला ठाऊक होता. कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टींची यादी उघडते, हवी ती निवडून एंटर. पहिल्यांदा वापरताना तो चालू करायचा का असं विचारतो. यामुळे नोंद नेण्याची रीतच बदलली: वर्डमध्ये लेखक, शीर्षक, पान हे तिन्ही एकापाठोपाठ उचलायचे आणि मग एकदाच एक्सेलमध्ये जाऊन तिन्ही ठेवायचे. खिडक्यांमधली ये-जा तिसऱ्या हिश्शावर आली. संगणक बंद केला की पिन केलेल्या गोष्टी सोडून यादी पुसली जाते. पासवर्ड कॉपी करणाऱ्यांनी मात्र जपून, तोही यादीत दिसतो.

वर्ड आणि एक्सेल शेजारी-शेजारी ठेवायला विंडोज-डावा-बाण आणि विंडोज-उजवा-बाण. चुकून बंद केलेला ब्राउझरचा टॅब परत आणायला कंट्रोल-शिफ्ट-टी; हा ऐकल्यावर प्रत्येकाने तो लगेच करून पाहिला.

११ फेब्रुवारी

डाव्या हाताची करंगळी दुखते अशी दोघींची तक्रार. कारण उघड आहे: कंट्रोल नेहमी डावाच, आणि तोही करंगळी वाकडी करून. टंकनाच्या वर्गात शिफ्टबद्दल जे शिकवतात तेच इथे लावायचं. अक्षर डाव्या हाताचं असेल तर कंट्रोल उजवा. कंट्रोल-सी दोन हातांनी करणं सुरुवातीला जड जातं, पण मनगट वळत नाही. एकीने पॉवरटॉइज नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाने कॅप्स लॉकचाच कंट्रोल करून घेतला. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाहीच, तेव्हा कॅप्स लॉक आम्हाला तसाही अडगळ. अडचण एवढीच की तिच्या संगणकावर दुसरं कुणी बसलं की गोंधळतं. सगळ्यांवर लादणार नाही.

मॅकवर काम करणाऱ्या एकाचं कार्ड वेगळं लागेल. तिथे कॉपी-पेस्टचा कंट्रोल म्हणजे अंगठ्याखालचा कमांड, आणि शब्दाच्या उडीला ऑप्शन. कमांड-बाण ओळीच्या टोकाला जातो. शिफ्टचा नियम तोच.

१८ फेब्रुवारी

माउस कुठे राहिला त्याचीही नोंद. स्कॅन केलेल्या पानावर मोठं करून सरकत सरकत वाचणं माउसनेच बरं. तक्त्यातले रकाने डोळ्यांच्या अंदाजाने रुंद-अरुंद करणंही. दोन्ही ठिकाणी कळफलकाचा हट्ट धरणाऱ्याला कुणी अडवलं नाही, पण तो मागे पडला.

२५ फेब्रुवारी

सूची तपासून पुढे दिली. कार्डाचा अंतिम मसुदा छापायला गेला. वरच्या बाजूला बाण-कंट्रोल-शिफ्टचा नियम, मधे बॅकस्पेस आणि डिलीटमधला फरक ‘स्त्री’च्या उदाहरणासह, मग रिकाम्या सेल भरण्याची पूर्ण पद्धत, शेवटी विंडोज-व्ही आणि ऑल्ट. शिफ्ट-एफ३ खोडला, कारण तो इंग्रजी अक्षरं लहान-मोठी करतो आणि आमच्या मजकुरात त्याला काम नाही. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही घातलेच नाहीत. मॅकचं कार्ड बाकी आहे, आणि त्या संग्रहाचं उत्तरही.